नऊ जुने संगणक, एक अभ्यासिका आणि ग्रबमधली ती ओळ : बूट होताना कर्नलला पॅरामीटर कसे द्यायचे?

केळीपट्टा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी यावल तालुक्यातला. आमच्या गावात पोरापोरींनी मिळून स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका सुरू केली आहे. पुण्यात नोकरी करणाऱ्या गावच्याच एका भाऊंनी तिथे नऊ वापरलेले संगणक पाठवले. दहाएक वर्षं जुने डबे, ४ जीबी रॅम, मॉनिटर वेगवेगळे. मी सगळ्यांवर लिनक्स मिंट टाकलं.

सहा मशीन व्यवस्थित चालू आहेत. उरलेल्या तिघांचं असं : क्रमांक ३ आणि ७ सुरू होतात, मिंटचा लोगो क्षणभर दिसतो आणि स्क्रीन काळी पडते. पंखा फिरतो, कीबोर्डचा कॅप्स लॉकचा दिवा लागतो-विझतो, म्हणजे मशीन जिवंत आहे. क्रमांक ४ छान सुरू होतं, पण अर्ध्या-पाऊण तासात हँग होतं. माऊससुद्धा हलत नाही.

तीन वेळा फॉरमॅट मारून झालं. तालुक्याच्या दुकानात दाखवलं, तर ते म्हणाले भंगारात द्या. मला ते पटत नाही. सकाळी सहाला पोरं येऊन बसतात आणि सहा मशीनवर आळीपाळीने सराव परीक्षा देतात. एकेक मशीन मोलाचं आहे.

नेटवर सगळे म्हणतात, 'बूट पॅरामीटर दे'. कुठे द्यायचा, तो कोण वाचतो, चुकला तर काय होतं, हे कुणीच नीट सांगत नाही. जाणकारांनी मराठीतून समजावून सांगावं ही विनंती.

भुसावळ_जंक्शन

केळीपट्टा भाऊ, तिन्ही मशीन ठेवा. भंगारात काही देऊ नका. मी रेल्वेतून निवृत्त झालो, पंचवीस वर्षं संगणक आणि सिग्नलच्या तारांत गेली, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. पॅरामीटर इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय. टाइप करताना रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि एका पॅरामीटरच्या पोटात कुठेही जागा न सोडता लिहायचे. दोन पॅरामीटरच्या मध्ये मात्र एक जागा हवी.

मशीन चालू केलं की आधी बायोस किंवा यूईएफआय (बोर्डावरचंच सुरुवातीचं सॉफ्टवेअर) उठतं, ते ग्रब नावाच्या छोट्या प्रोग्रॅमला उठवतं. ग्रब डिस्कवरून कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, फाईल मेमरीत आणून ठेवतो आणि ताबा कर्नलकडे देतो. ताबा देताना तो सोबत एक चिठ्ठी देतो. एका ओळीचा साधा मजकूर. कर्नल जागा झाल्यावर ही ओळ वाचतो आणि त्याप्रमाणे वागतो. आपण सगळे ज्याला बूट पॅरामीटर म्हणतो ते या ओळीतले शब्द.

ती ओळ बघायची असेल तर ग्रबचा मेनू दिसताच पहिल्या नोंदीवर थांबून 'ई' दाबा. बराच मजकूर उघडेल. त्यात 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणारी ओळ शोधा. तिच्यात कर्नलच्या फाईलचं नाव असेल, पुढे 'रूट=' आणि डिस्कच्या भागाचा लांबलचक यूयूआयडी (ओळख क्रमांक), मग 'आरओ', 'क्वाएट', 'स्प्लॅश'. ओळ स्क्रीनवर मावत नाही म्हणून ग्रब ती मोडून पुढच्या ओळीवर नेतो आणि मोडलेल्या जागी बॅकस्लॅश दाखवतो. तो बॅकस्लॅश पुसायला जाऊ नका, ओळ एकच आहे.

क्रमांक ३ वर त्या ओळीच्या शेवटी जाऊन एक जागा सोडा आणि 'नोमोडसेट' लिहा. मग कंट्रोल-एक्स किंवा एफ१०. हा बदल फक्त त्या एका बूटपुरता असतो, डिस्कवर काहीही लिहिलं जात नाही. चुकलं तर मशीन बंद करून चालू करा, सगळं पूर्ववत. म्हणून घाबरू नका.

तापीकाठचा_रोहित्र

नोमोडसेटने बऱ्याच काळ्या स्क्रीन जातात. चाललं की कायमचं टाकून द्या, विषय संपला.

केळीपट्टा

नाना (वयाने मोठे आहात म्हणून नाना म्हणतो), मनापासून आभार! दोन्ही मशीनवर डेस्कटॉप दिसला. अभ्यासिकेत पोरांनी टाळ्या वाजवल्या. पण स्क्रीनवर सगळं ऐसपैस मोठं दिसतंय, १०२४ बाय ७६८ च्या वर रिझोल्यूशन जात नाही, आणि लेक्चरचे व्हिडिओ अडकत-अडकत चालतात. रोहित्र भाऊ म्हणतात तसं हेच कायम करू का?

भुसावळ_जंक्शन

नाही, अजून नाही.

नोमोडसेटने ग्राफिक्सचं दुखणं बरं होत नाही. तो कर्नलच्या ग्राफिक्स ड्रायव्हरला सांगतो, 'तू डिस्प्लेला हात लावू नकोस'. मग बायोसने सुरुवातीला जी साधी फ्रेम आखून दिली तेवढ्यावरच सगळं चालतं. ग्राफिक्स कार्डाचा वेग मिळत नाही, सगळी चित्रं प्रोसेसर काढतो. व्हिडिओ म्हणूनच अडकतात. मात्र त्यातून एक गोष्ट कळली : डिस्क ठीक, मिंट ठीक, मॉनिटर ठीक. गोंधळ ड्रायव्हरपासून डेस्कटॉपपर्यंतच्या टप्प्यात आहे.

आता दुसरी चाचणी. पुन्हा 'ई'. यावेळी नोमोडसेट लिहू नका. उलट 'क्वाएट' आणि 'स्प्लॅश' हे दोन शब्द खोडा आणि शेवटी फक्त '३' हा आकडा इंग्रजीत लिहा. क्वाएट असला की कर्नल फक्त चुका (एरर) आणि त्यावरच्या गंभीर गोष्टी स्क्रीनवर बोलतो. तो खोडला की जवळपास सगळं बोलतो. स्प्लॅश खोडला की लोगोचा पडदा जातो. आणि '३' मुळे डेस्कटॉप सुरूच होत नाही, काळ्या पडद्यावर लॉगिनची पाटी येते. काय दिसतं ते कळवा. फोटो काढून ठेवा, अक्षरं फार भराभर पळतात.

शिरपूर_ताई

नानांनी सुंदर सांगितलं. मी अभियांत्रिकीच्या मुलांना हाच विषय शिकवते, त्यामुळे एक मुद्दा जोडते. मुलं इथे हमखास अडखळतात.

त्या ओळीतले सगळे शब्द कर्नलसाठी नसतात. 'क्वाएट' कर्नलचा. 'स्प्लॅश' कर्नलचा नाही, लोगो दाखवणारा प्लायमाउथ नावाचा प्रोग्रॅम नंतर उठतो आणि ओळ वाचून बघतो की हा शब्द आहे का. '३' सुद्धा कर्नलला कळत नाही. कर्नलला जो शब्द ओळखीचा वाटत नाही तो त्याने टाकून दिला असं होत नाही. तो पहिल्या प्रोग्रॅमला, म्हणजे इनिटला (आजकाल बहुतेक ठिकाणी सिस्टमडी) पुढे पाठवतो. बरोबरचं चिन्ह असलेला शब्द इनिटच्या एन्व्हायरन्मेंटमध्ये जातो, बिनचिन्हाचा शब्द आर्ग्युमेंट म्हणून. सिस्टमडीला '३' चा अर्थ माहीत आहे : मल्टी-यूजर टार्गेट, म्हणजे ग्राफिक्सशिवाय सगळं.

आणि मधे टिंब असलेला शब्द, उदाहरणार्थ 'यूएसबीकोअर.ऑटोसस्पेंड=-१', हा एखाद्या मोड्यूलसाठी, म्हणजे कर्नलच्या एखाद्या सुट्या भागासाठी असतो. टिंबाच्या आधी मोड्यूलचं नाव, नंतर त्याचा पॅरामीटर. नावात डॅश लिहिला काय आणि अंडरस्कोअर लिहिला काय, कर्नल दोन्ही एकच धरतो.

याचा एक परिणाम फार महत्त्वाचा आहे. स्पेलिंग चुकलं तर कुठलीही तक्रार स्क्रीनवर येत नाही. तुम्ही नोमोडसेटमधलं एक अक्षर गाळलंत तर कर्नल तो अनोळखी शब्द मुकाट्याने इनिटला देईल, स्क्रीन काळीच राहील आणि तुम्ही म्हणाल की हा उपाय लागू पडला नाही. माझ्या एका विद्यार्थिनीचे दोन दिवस असे गेले. अलीकडचे कर्नल डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांच्या नोंदीत) 'अननोन कर्नल कमांड लाइन पॅरामीटर्स' अशी ओळ लिहितात, ती शोधण्याची सवय लावा. आणि मशीन उठल्यावर 'कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन' ही आज्ञा द्या. आपण काय लिहिलं असं वाटतं ते सोडा, कर्नलला प्रत्यक्षात काय मिळालं ते तिथे दिसतं.

केळीपट्टा

ताई, तुमचा प्रतिसाद छापून भिंतीवर लावलाय.

नाना, '३' लिहिल्यावर दोन्ही मशीनवर पांढरी अक्षरं स्वच्छ दिसली आणि लॉगिनसुद्धा झालं! नोमोडसेट नव्हता तरी! अक्षरंही बारीक, म्हणजे रिझोल्यूशन चांगलं. मग डेस्कटॉप का काळा?

भुसावळ_जंक्शन

शाब्बास. आता नेमकं सापडलं असं वाटतंय. त्याच लॉगिनवर 'एलएस /सिस/क्लास/डीआरएम' द्या. मग तिथे 'कार्ड०-' ने सुरू होणारं जे जे नाव दिसेल त्याच्या आतली 'स्टेटस' ही फाईल कॅट करून बघा. कोण कोण 'कनेक्टेड' म्हणतं ते सांगा.

केळीपट्टा

व्हीजीए-१ कनेक्टेड. एलव्हीडीएस-१ पण कनेक्टेड. दुसरा मॉनिटर तर मी जोडलेलाच नाही.

भुसावळ_जंक्शन

हाच तो. एलव्हीडीएस म्हणजे लॅपटॉपच्या आतल्या पॅनेलची जोडणी. काही छोट्या डेस्कटॉपच्या बोर्डांवर ती नसतानाही बायोस सांगतं की आहे. ड्रायव्हर त्यावर विश्वास ठेवतो. मग तुमचा डेस्कटॉप त्या अस्तित्वात नसलेल्या पॅनेललाच मुख्य स्क्रीन धरून लॉगिनची खिडकी तिकडे काढतो आणि खऱ्या मॉनिटरवर अंधार राहतो. मजकुराचा कन्सोल मात्र दोन्हीकडे उमटतो, म्हणून '३' ला तुम्हाला अक्षरं दिसली. ही अडचण इतकी जुनी आहे की अशा बोर्डांची एक यादीच ड्रायव्हरमध्ये आहे. तुमचा बोर्ड त्या यादीत नसणार.

आता नोमोडसेट नको, ३ नको. ओळीच्या शेवटी लिहा : व्हिडिओ=एलव्हीडीएस-१:डी. इथे एलव्हीडीएस मोठ्या लिपीत, बाकी लहान. शेवटच्या 'डी' चा अर्थ, ही जोडणी बंद धर.

केळीपट्टा

चाललं!!! दोन्ही!!! पूर्ण रिझोल्यूशन, व्हिडिओ लोण्यासारखा. नाना, काय बोलू. तीन फॉरमॅट आणि एका दुकानाची फेरी, आणि उत्तर एका शब्दात होतं.

धुळ्याचा_पाटील

नानांच्या पद्धतीला दाद. आता कायम करण्याबद्दल लिहितो, कारण आत्ताचा बदल पुढच्या बूटला नाहीसा होणार.

/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब ही फाईल सुडोने (म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने) उघडा. तिच्यात ग्रब_सीएमडीलाइन_लिनक्स_डिफॉल्ट अशी ओळ आहे, अवतरणचिन्हांच्या आत क्वाएट स्प्लॅश असेल. त्यातच जागा सोडून व्हिडिओवाला शब्द जोडा. खाली जवळपास तसंच, पण 'डिफॉल्ट' नसलेलं नाव दिसेल. त्यातले शब्द रिकव्हरी मोडलाही लागतात, डिफॉल्टवाले फक्त नेहमीच्या बूटला. तुम्हाला डिफॉल्टवाली ओळ पुरेशी आहे. मग 'सुडो अपडेट-ग्रब'. ही आज्ञा विसरली की फाईलमध्ये लिहिलेलं तिथेच राहतं, ग्रबपर्यंत पोचत नाही. फेडोरा (दुसरं एक लिनक्स) वापरणाऱ्यांकडे अपडेट-ग्रब नसतं, त्यांनी 'ग्रबी' वापरावं.

तापीकाठचा_रोहित्र

माझं मत घाईचं होतं, मान्य. नोमोडसेट कायम ठेवला असता तर पोरांचे व्हिडिओ कायम अडकले असते.

क्रमांक ४ बद्दल : हँग होण्यावर 'आयडल=पोल' सुचवलेलं वाचलंय. प्रोसेसर झोपेत जाताना अडकत असेल तर त्याने झोपणंच बंद होतं.

भुसावळ_जंक्शन

रोहित्र भाऊ, सूचना चुकीची नाही, पण आपल्या भागात जपून. आयडल=पोल दिला की प्रोसेसर रिकामा असतानाही पूर्ण वेगाने फिरत राहतो, वीज खातो आणि तापतो. कर्नलच्या स्वतःच्या दस्तऐवजातही हा इशारा आहे. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. वरच्या मजल्यावरची पत्र्याची खोली, एसी नाही, त्यात दहा वर्षांचा पंखा. हँग थांबेल याची खात्री नाही, बोर्ड मात्र जायचा.

आधी डबा उघडून धूळ झटका. मग मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर चालू ठेवा. अर्ध्या-पाऊण तासाने हँग म्हणजे मला आधी रॅमचा संशय येतो.

केळीपट्टा

नाना, तुमचा संशय खरा ठरला. रात्री लाईट दोनदा गेली म्हणून तीन रात्री लागल्या. मेमटेस्टमध्ये लाल ओळी आल्या, पण सगळ्या एकाच ठिकाणी : १४४० एमबीच्या जवळ, दरवेळी तिथेच. बाकी सगळी रॅम स्वच्छ. त्या जुन्या प्रकारची पट्टी जळगावात दोन दुकानांत विचारली, मिळाली नाही.

शिरपूर_ताई

मग ती जागा कर्नलला टाळायला सांगता येते. पॅरामीटर 'मेममॅप'. लिहिण्याची रीत : मेममॅप=१एम$१४४०एम. डॉलरच्या आधी किती, नंतर कुठून. म्हणजे १४४० एमबीपासून पुढची १ एमबी राखीव धर, कुणालाही देऊ नको. मी तुमच्या जागी थोडी ऐसपैस घेईन, १४३६ पासून ८ एमबी. चार जीबीत आठ एमबी गेल्याचं दुःख नाही.

पण डॉलरची काळजी घ्या, इथे माणसं खरोखर फसतात. ग्रबच्या दृष्टीने डॉलर म्हणजे व्हेरिएबलची सुरुवात. तसाच लिहिलात तर ग्रब डॉलर आणि पुढचे आकडे स्वतःच गिळतो, कर्नलकडे तुटका आकडा जातो आणि मशीन उठणारच नाही अशी वेळ येते. 'ई' दाबून लिहिताना डॉलरच्या आधी एक बॅकस्लॅश. /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रबमध्ये लिहिताना तीन, कारण तिथून मजकूर दोनदा गाळला जातो. पहिल्यांदा 'ई' ने करून बघा, मग प्रॉक-सीएमडीलाइनमध्ये डॉलर शाबूत पोचला का ते तपासा. डीमेसेजच्या सुरुवातीला 'यूजर-डिफाइन्ड फिजिकल रॅम मॅप' अशी यादी येईल, त्यात तुमचा तुकडा 'रिझर्व्ह्ड' दिसला पाहिजे. दिसला तरच फाईलला हात लावा.

आणि हे कायमचं समजू नका. खराबी पसरू शकते. महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा मेमटेस्ट करा आणि पट्टी शोधत राहा.

पारोळ्याची_जिनिंग

नाना, ताई, आते समजनं! हा धागा वाचून आमच्या काट्याचा दोन वर्षांचा त्रास मिटला, म्हणून लिहितो.

आमच्या जिनिंगला वजनकाट्याचा इंडिकेटर सीरियल पोर्टने संगणकाला जोडलेला आहे. कापसाची गाडी काट्यावर आली की वजन स्क्रीनवर यायला हवं. हंगामात कधीकधी वजनातला एखादा आकडाच गायब व्हायचा. शेतकरी समोर उभा, पावतीवर चुकीचं वजन, आणि भांडण. आम्ही केबल बदलली, इंडिकेटर बदलला, तरी तेच.

काल प्रॉक-सीएमडीलाइन बघितली. त्यात 'कन्सोल=टीटीवायएस०,११५२००' लिहिलेलं होतं. आधीच्या माणसाने कधीतरी तपासणीसाठी टाकलं असणार. हेच कारण असेल का? आम्ही काढून टाकलं आणि दिवसभरात एकही वजन चुकलं नाही.

धुळ्याचा_पाटील

हो, हेच. त्या पॅरामीटरने कर्नल आपले संदेश पहिल्या सीरियल पोर्टवर पाठवतो. त्याहून वाईट म्हणजे सिस्टमडी ते बघून त्या पोर्टवर लॉगिनची पाटी आपोआप लावतो. तो लॉगिनचा प्रोग्रॅम आणि तुमचा काट्याचा प्रोग्रॅम, दोघं एकाच पोर्टवरून वाचत होते. इंडिकेटरने पाठवलेली काही अक्षरं तो खात होता, उरलेली तुम्हाला मिळत होती. शेतकऱ्याच्या पैशाचा प्रश्न आहे, त्यामुळे शेजारच्या जिनिंगवाल्यांनाही सांगा.

शहाद्याचा_विद्यार्थी

मी रास्पबेरी पाय या एका बोर्डाच्या छोट्या संगणकावर करून बघतोय. तिथे ग्रबच नाही.

शिरपूर_ताई

तिथे सीएमडीलाइन.टीएक्सटी नावाची फाईल असते, नव्या आवृत्तीत /बूट/फर्मवेअर फोल्डरमध्ये. सगळे शब्द एकाच ओळीत ठेव, एंटर मारू नकोस. दुसऱ्या ओळीवर गेलेलं वाचलं जात नाही.

तापीकाठचा_रोहित्र

जुनी मशीन जलद करायला 'मिटिगेशन्स=ऑफ' बद्दल काय मत?

भुसावळ_जंक्शन

अभ्यासिकेत नको. २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या त्रुटी उघड झाल्या, तेव्हापासून अशा त्रुटींविरुद्ध घातलेली संरक्षणं यात बंद होतात. तिथे वेगवेगळी पोरं ब्राउझरमध्ये ईमेल आणि परीक्षेचे अर्ज उघडतात. थोड्या वेगासाठी त्यांचे पासवर्ड पणाला लावू नयेत.

त्यावरून केळीपट्टा भाऊंना एक सांगायचं राहिलं. आपण 'ई' दाबून जे केलं ते कुणीही करू शकतो. ओळीत 'इनिट=/बिन/बॅश' लिहिलं की पासवर्ड न विचारता रूटचा शेल, म्हणजे सगळे अधिकार असलेली आज्ञांची पाटी, हातात येते. विसरलेला पासवर्ड बदलायला हे कामाचं, पण सार्वजनिक खोलीत धोक्याचं. ग्रबला पासवर्ड लावा. 'ग्रब-एमकेपासडब्ल्यूडी-पीबीकेडीएफ२' या आज्ञेने त्याचा हॅश तयार होतो. मेनूच्या नोंदींना 'अनरिस्ट्रिक्टेड' द्यायला विसरू नका, नाहीतर साधं सुरू करतानाही पासवर्ड मागेल आणि सकाळी सहाला पोरं दारात ताटकळतील.

आणि तुमच्याकडे लाईट जाते म्हणून : मशीन धाडकन बंद पडल्यावर पुढच्या बूटला एकदा 'एफएससीके.मोड=फोर्स' द्या. डिस्कची पूर्ण तपासणी होते. हा कायम टाकू नका, रोज वेळ जाईल.

केळीपट्टा

ताजी खबर. क्रमांक ४ मेममॅपसह सलग पाच दिवस चालू आहे, एकदाही हँग नाही. डॉलर पहिल्या वेळी मीही चुकवला, पण 'ई' मध्येच असल्यामुळे बंद-चालू करून सुटलो. ग्रबचा पासवर्ड नऊही मशीनवर लावला. प्रत्येक डब्यावर एक कागद चिकटवलाय : कोणता पॅरामीटर, का दिला, कोणत्या तारखेला. क्रमांक ४ च्या कागदावर पुढच्या मेमटेस्टची तारीखही आहे. दोन पोरी हे सगळं शिकल्या, क्रमांक ७ ची फाईल त्यांनीच बदलली.

नाना, आखाजीला गावाकडे या. आईने खापराच्या पोळ्यांचं आत्ताच ठरवलंय.

अमळनेरकर_नवा

उशिरा आलो, क्षमा. माझ्या मशीनवर ग्रबचा मेनूच दिसत नाही, थेट लोगो येतो. 'ई' कुठे दाबायचा?

भुसावळ_जंक्शन

मेनू लपवलेला असतो. जुनं बायोस असेल तर चालू करताच शिफ्ट दाबून धरा, यूईएफआय असेल तर एस्केप एकदा-दोनदा दाबा. एस्केप जास्त दाबलं गेलं तर ग्रबची आज्ञांची काळी पाटी येते, तिथे 'नॉर्मल' लिहून एंटर मारा आणि पुन्हा एकदाच एस्केप. कायम दिसायला हवा असेल तर त्याच /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रबमध्ये ग्रब_टाइमआउट_स्टाइल 'मेनू' करा, टाइमआउट ५ करा, मग अपडेट-ग्रब.

अमळनेरकर_नवा

शिफ्टने आला मेनू. आता क्वाएट खोडून बघतो, फोटो टाकतो.